लग्नानंतर यान कोण चालवणार?

एकोणीसशे सत्तरच्या आसपास आम्ही घाटकोपरच्या ज्या वाचनालयात जायचो, तिथे एका अवकाशयानाच्या कादंबऱ्यांची मालिका येत असे. पातळ पुस्तकं, भडक मुखपृष्ठं. आम्ही म्हणजे मी आणि कॉलेजातली माझी मैत्रीण. ती भांडुपच्या कोळीवाड्यातली. दोघी विज्ञान शाखेच्या, दोघी या मालिकेच्या वेड्या. आणि वेड्या असल्यामुळेच मालिकेला सगळ्यात जास्त शिव्या घालणाऱ्याही.

तक्रारी काय कमी होत्या? म्हातारे प्रोफेसर एका भागात मरायचे, दुसऱ्यात ठणठणीत. परग्रहावरचे लोक पहिल्या पानापासून शुद्ध मराठी बोलायचे. शेवट सुचला नाही की ग्रहाचा स्फोट! तरी हे सगळं आम्ही चालवून घेत होतो, कारण यान एक बाई चालवायची. तेव्हा असं दुसरं कुठे वाचायला मिळत होतं?

मग एका भागात तिचं कप्तानाशी लग्न झालं. पुढच्या भागात यान कप्तान चालवत होता आणि ही मागे डबे भरत होती.

"वाट लागली गं," मैत्रीण म्हणाली. "मंगळापलीकडे जाऊन पण पोहेच करायचे?"

लेखक मुलुंडला राहतात, हे वाचनालयवाल्यांकडून कळलं. रविवारी आम्ही सरळ त्यांच्या दारात. मी मैत्रिणीच्या मागे उभी, बेल वाजवली तिने. दार उघडलं ते बनियनमधल्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या एका थकल्या गृहस्थांनी. मालिकेबद्दल बोलायचंय म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. वाईट वाटलं मला. कौतुक ऐकायला बसले बिचारे, आणि मैत्रिणीने प्रोफेसरांपासून पोह्यांपर्यंत सगळं ऐकवलं.

ते चिडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "दर महिन्याला एक लिहायचं, नोकरी सांभाळून. स्फोट होतात खरे. पण तिचं लग्न मी मनापासून लावलं हो. एवढे हाल सोसले पोरीने, म्हटलं, आता सुखात राहू दे."

"मग यान का काढून घेतलंत?" मी विचारलं. माझाच आवाज मला नवा वाटला.

"लग्न झालेली बाई..." ते अडखळले.

"माझ्या आईचं पण लग्न झालंय," मैत्रीण म्हणाली. "पहाटे धक्क्यावर जाते, मासळी उचलते, बाजारात बसून विकते. लग्न झालं म्हणून तिने धंदा सोडला काय?"

आतून त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या. "मी हेच सांगत होते यांना," त्या म्हणाल्या. "पण घरच्या वाचकाचं कोण ऐकतं?" त्यावर ते हसले, आणि मैत्रिणीच्या आईबद्दल विचारत राहिले. कशी बोलते, रागावली की काय करते, दमली की कुठे बसते. निघताना म्हणाले, "कबूल काही करत नाही. बघतो."

दोन-तीन भाग तसेच गेले. मग एका भागात कप्तान आजारी पडला आणि बाईंनी यान हातात घेतलं. तो बरा झाला तरी परत दिलं नाही! शनीच्या एका चंद्रावरच्या व्यापाऱ्यांशी तिने कंबरेवर हात ठेवून अशी काही घासाघीस केली, की आम्ही वाचनालयाच्या पायरीवर बसून आळीपाळीने मोठ्याने वाचलं. मैत्रिणीने ते पुस्तक घरी नेऊन आईलाही वाचून दाखवलं. आई शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "एवढी फिरते ही बाय, जेवते कधी?"

मैत्रीणही पूर्ण खूश नव्हतीच. "आता उगाच जास्त ओरडते ती," असं तिचं मत.

काही वर्षांनी मालिका बंद पडली. पुढे मैत्रीण टेलिफोन खात्यात लागली, मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवू लागले. लग्न ठरताना सासरच्यांनी नोकरीचा विषय काढला, तेव्हा मी न अडखळता सांगितलं की शिकवणं सोडणार नाही. ते बोलणं माझ्यात कुठून आलं, हे मला पक्कं ठाऊक आहे. दोन परक्या पोरींना दारातूनच परत पाठवणं त्या लेखकांना किती सोपं होतं! त्यांनी बसवून घेतलं, ऐकून घेतलं. त्यांचे आभार मानायला मी मुलुंडला एकदा पुन्हा गेले, नवऱ्याला घेऊन. त्या दिवशीही स्फोटांवरून त्यांचं-माझं थोडं वाजलंच.