रोजची दोन मिनिटं

"रोज फोन करतो का नाई मी तुले? एक दिवस तरी चुकवला का?" लोकेशनं जेवता जेवता ताट सरकवलं. "अन् तू म्हणते, माह्या घरादारात पडू नको."

"तसं नाई म्हटलं मी," आशाबाई म्हणाल्या. "घर विकू नको म्हटलं."

"मंग रविवारी आलापल्लीले माणूस घर पाह्यले येऊन राह्यला, त्याले का सांगू?"

स्वाती भाताचं पातेलं घेऊन उभीच राहिली. बल्लारपूरच्या या दोन खोल्यांत सासूबाईंना येऊन आठ दिवस झाले होते. तीन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गुणवंतराव गेले तेव्हापासून त्या आलापल्लीला एकट्याच राहत. एकुलता एक लोकेश इथल्या एका कारखान्यात होता, आणि आईनं कायमचं इथं यावं, हे त्यानं ठरवूनच टाकलं होतं.

आशाबाईंनी मोबाईल त्याच्यापुढे ठेवला. "हे पाह्य, मी इथी याच्या आधीचे तुझे फोन. सोमवारी दोन मिनिटं चार सेकंद. मंगळवारी दोन मिनिटं एक. बुधवारी एक मिनिट अठ्ठावन्न."

"कमी वाटते तुले? ड्युटी असते मले."

"कमी नाई म्हणत, बाबू. सारखे आहेत म्हणतो."

तीस-पस्तीस वर्षं टेलिफोनच्या नोकरीत काढलेली ही बाई. सुरुवातीला ट्रंक कॉल होते, प्रत्येक कॉलची चिठ्ठी लिहावी लागे, कधी लागला, कधी संपला. बहुतेक कॉल तीन मिनिटांच्या आत आटपत. कोणी वारलं, कोणी पोचलं, येऊ नका. पण जो कॉल दहा मिनिटांच्या पुढे गेला, त्याचं काही सांगता येत नसे. जितका चालला तितका त्याचा शेवट आणखी लांब जाई. मग आशाबाई बाकावर खोळंबलेल्यांना म्हणत, जा, चहा पिऊन या. एकदा चंद्रपूरच्या साहेबांनी सगळ्या चिठ्ठ्यांची सरासरी काढली, साडेचार मिनिटं. आशाबाईंना हसू आलं होतं, कारण साडेचार मिनिटांना संपलेला कॉल त्या गठ्ठ्यात शोधूनही सापडला नसता. त्याच दोघांचं बोलणं आज चाळीस सेकंदांत संपे आणि उद्या अर्धा तास चाले.

सारख्या लांबीचा फोन एकच होता. पावसाळाभर सकाळी आठ वाजता एक कारकून जिल्ह्याला पावसाचा आकडा सांगायचा. पाऊस असो की निरंक, वेळ तेवढाच लागे.

"तुझा फोन तसा आहे," त्या लोकेशला म्हणाल्या. "जेवली का, गोळी घेतली का, बरं ठेवतो."

"आई, ते गाडी स्टँडवर लावतात ना," स्वाती मध्येच बोलली, "तिथून गेटपर्यंत चालता चालता करतात. आत मोबाईल नेऊ देत नाईत."

लोकेशनं तिच्याकडे रागानं पाहिलं. "तेवढाच वेळ भेटते मले," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"चालून राह्यला हे समजे मले. दम ऐकू ये," आशाबाई म्हणाल्या. "चौदा तारखेचा पाह्य. दोन मिनिटं तीन सेकंद. त्या दिवशी मी मोरीत पडली होती. तासभर उठता आलं नाई."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"जेवली म्हटलं, गोळी घेतली म्हटलं. तेवढ्यात तुझं गेट आलं असंन."

लोकेशनं मोबाईल उचलून चौदा तारीख पाहिली. मग म्हणाला, "म्हणूनच म्हणतो ना, इथी राह्य. अजून एकदा पडली तर कोण उचलंन?"

तो बरोबरच बोलत होता. पण आठ दिवसांत त्यांनी हेही पाहिलं होतं की इथं, एका छपराखाली, तो घरी आल्यावर चपला काढेपर्यंत तेच दोन प्रश्न विचारतो. स्वाती अंगणवाडीतून चारला येई आणि थकून पडे. दोघंही वाईट नव्हते. दुपारभर आशाबाई समोरच्या गॅलरीतली परक्यांची लुगडी वाळताना पाहत.

जेवण झाल्यावर त्या मागच्या अंगणात गेल्या आणि त्यांनी सिरोंच्याला अंजनाबाईला फोन लावला. दोघी टेलिफोनच्या एकाच बोर्डावर बसलेल्या, दोघी आता विधवा. आशाबाईंनी मोरीतलं सगळं सांगितलं.

"तासभर?" अंजनाबाई म्हणाली. "पडायचंच होतं अक्का, तर स्वयंपाकघरात पडायचं. खायले तरी भेटलं असतं."

आशाबाई हसल्या, मग त्यांना रडू आलं. अंजनाबाईनं त्यांचं रडणं थांबू दिलं. मग ती आपलं सांगू लागली. गुडघा, जावयाचं घर, तिथली पाठीमागची खोली. "बातम्यावाली नमस्कार म्हणते न, तिलेच मी ओ देतो. दिवसभरात दुसरं कोणी म्हणत नाई."

मग आशाबाईंनी तिला एक गोष्ट विचारली. अंजनाबाईनं नाही म्हणायला दहा कारणं दिली, एकेक करून ती सगळी स्वतःच खोडली, आणि जावयाला काय सांगायचं यावरच दोघींचा बराच वेळ गेला. फोन ठेवला तेव्हा एक तास सहा मिनिटं झाली होती.

घरात लोकेश रात्रपाळीसाठी बूट चढवत होता. स्वाती भांडी पुसत होती. आशाबाई दारात उभ्या राहिल्या.

"रविवारच्या माणसाले येऊ नको म्हणून सांग. घर विकायचं नाई. मी उद्या सकाळच्या गाडीनं आलापल्लीले जातो. अंजना माह्यासंगं राह्यले येऊन राह्यली, कायमची. अन् लोकेश, आता रोज फोन करू नको. सुटी असंन तेव्हा बसून कर."

त्या आत जाऊन पिशवी भरू लागल्या.