डबलसीटची गॅरंटी

माझ्या लग्नात हुंडा दिला नाही, असं आमच्याकडं अजून अभिमानानं सांगतात. सायकल मात्र दिली. सासरच्यांनी ती मागितली नव्हती. मुलाला नव्या कचेरीत नोकरी लागली आहे आणि कचेरी घरापासून लांब आहे, एवढंच ते येता-जाता सांगत होते. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. सासूबाई तर कुठल्याही बोलण्याला "आता आपण जिल्ह्याच्या ठिकाणचे" ही शेपटी जोडायच्या. आमचं नांदेड कधीपासून जिल्हाच होतं, पण हे मी मनातच ठेवलं.

सायकल वडिलांनी नांदेडात घेतली. ते पाटबंधारे खात्यात चौकीदार होते. दुकानदारानं सायकलच्या सीटवर थाप मारून त्यांना सांगितलं होतं, "पोरगी-जावई डबलसीट फिरू द्या मामा. सालभर फ्रेमची जिम्मेदारी माझी." हे वाक्य वडिलांनी मांडवात भेटेल त्याला ऐकवलं.

त्या साली पावसानं दगा दिला होता. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात लातुरातले नळ कोरडे पडले. टँकर आमच्यापासून तीन गल्ल्या सोडून उभा राहायचा. डबलसीट फिरणं राहिलं बाजूला. कॅरिअरला दोन्हीकडून एकेक घागर टांगायची, नवऱ्यानं हँडल धरून ढकलायचं आणि मी मागून घागरी सावरायच्या. साऱ्या गावाच्या सायकली तेव्हा हेच करत होत्या. एका सकाळी भर रस्त्यात कट्कन आवाज झाला आणि सायकल कंबर मोडल्यासारखी खाली बसली. सीटखाली जिथं नळ्या जुळतात, तिथला जोड उकलला होता.

"तुझ्या बापानं फुटकी सायकल गळ्यात मारली," सासूबाई म्हणाल्या. "घिऊन जा नांदेडला. नीट झाली की मग ये. तवर तुझं हितं काय काम हाय?"

नवऱ्यानं सायकल एसटीच्या टपावर चढवली, दोरीनं घट्ट बांधली आणि खाली उतरून हात झटकले. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. तो म्हणाला, "लोह्याला गाडी थांबली की दोरी बघ." मला सासूबाईंचा आला नाही इतका राग त्याचा आला. नांदेड येईपर्यंत मी रडले नाही. लोह्याला दोरीसुद्धा बघितली नाही.

घरी आईनं सायकल आधी पाहिली आणि मग माझं तोंड. तिला सगळं कळलं. सायकल नीट झाली नाही तर मी इथंच राहणार आणि मग गल्लीतल्या बायका रोज विचारणार, हे तिला माझ्याआधी दिसलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानाकडं निघालो तेव्हा तिनं मला चुलीपाशी ओढलं. "पाण्याचं नाव काढू नको. पाणी वाह्यलं म्हणलं की गॅरंटी देत न्हाईत, शेजारणीच्या पोराला असंच परत धाडलं. हाव का?"

वडील दारात चप्पल घालत होते. ते रोज सकाळी पंचशील म्हणायचे आणि खोटं न बोलण्याचं चौथं शील जरा जास्तच मोठ्यानं. आईचं बोलणं त्यांना ऐकू गेलं होतं. पण ते चपलेच्या अंगठ्याशीच खेळत राहिले.

दुकानदारानं जोडाकडं पाहिलं आणि वडिलांना सोडून मला विचारलं, "ताई, खरं सांगा. हिच्यावर पाणी वाह्यलं का?"

वडील माझ्याकडं बघत नव्हते. समोरच्या भिंतीवर टांगलेल्या टायरांकडं बघत होते. "न्हाई" म्हणायला किती वेळ लागतो? तेवढा एक शब्द आणि मी चार दिवसांत सासरी. पण तो शब्द ऐकून वडील उद्या सकाळी पंचशील कसं म्हणतील, हे माझ्या डोळ्यांपुढं आलं.

"हाव," मी म्हणाले. "पाणीच वाह्यलं."

"मग संपला हिसाब," त्यानं हात झटकले. "मामा, आता मी काय करू? लोड वाह्यला की गॅरंटी गेली. वेल्डिंग करून घ्या अन् वापरा."

हात झटकलेले पाहून माझं डोकं फिरलं. लातूरच्या स्टँडवरही एकानं असेच झटकले होते.

"तुम्हीच म्हणला होता ना, पोरगी-जावई डबलसीट फिरू द्या?"

"म्हणलो होतो. माणसं येगळी, लोड येगळा."

"मी म्हणजे पोरगी. मी बसले तर चालतंय, अन् माझ्याऐवजी दोन घागरी टांगल्या तर लोड? चला, वजन करा."

शेजारी धान्याची आडत होती. तिच्या दारात पोती तोलायचा मोठा काटा होता. मी चप्पल काढली आणि पदर खोचून काट्यावर जाऊन उभी राहिले. हमाल हसायला लागले. नवी नवरी भर बाजारात पोत्यांच्या काट्यावर उभी! वडिलांची मान खाली गेली आणि मला वाटलं, आता हे मला हाताला धरून घरी नेणार. ते समोरच्या हॉटेलात गेले आणि हॉटेलवाल्याच्या भरलेल्या दोन घागरी एकेक करून घेऊन आले. "सांडू नका हो," हॉटेलवाला मागून ओरडत होता, "लई वणवण करून आणलंय पाणी."

घागरींपेक्षा मीच भारी निघाले.

"चार टांगल्या असतील," दुकानदार म्हणाला.

"चार टांगायला घरात चार घागरी पाहिजेत," मी म्हणाले. "आन् सायकल ढकलत न्हेत होतो. वर कुणी बसलं नव्हतं."

आता हमाल त्याच्याकडं बघून हसत होते. त्यानं वडिलांना सायकल ठेवून जायला सांगितलं. नवी फ्रेम यायला बरेच दिवस लागले आणि तेवढे दिवस आईनं मला बाहेर पडू दिलं नाही. फ्रेम बसवून झाल्यावर वडिलांनी ओळखीच्या कंडक्टरकडून लातूरला निरोप धाडला.

रविवारी नवरा आला. ओट्यावर सायकल उभी होती. तो उकिडवा बसला, सीटखालच्या जोडावरून बोट फिरवलं, घंटी वाजवून बघितली. मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. बऱ्याच वेळानं त्यानं वर पाहिलं आणि म्हणाला, "पिशवी भर. दोनची गाडी हाय."

"सायकल न्यायला आलात, सायकल न्या," मी म्हणाले. "मला न्यायचं असंल तर मला न्यायला म्हणून या."

आईनं कपाळावर हात मारून घेतला. नवरा वडिलांकडं बघायला लागला. वडील उठले, सायकल ओट्यावरून खाली घेतली आणि म्हणाले, "चला, टपावर चढवू लागतो."

त्यानंतर आई माझ्याशी धड बोलेना. भाकरी पुढ्यात सरकवायची आणि तोंड फिरवायची. मीही हादरले होते. ताठा दाखवायला दाखवला, पण रात्री पडल्या पडल्या वाटायचं, आता तो कशाला येतोय? त्याची सायकल तर त्याला मिळाली. वडील पंचशील म्हणायचे आणि कामावर जायचे.

पुढच्या रविवारी तो आला. हातात काही नव्हतं. अंगात लग्नातला शर्ट होता आणि स्टँडपासून उन्हात चालत आल्यामुळं तो पाठीला चिकटला होता. आईनं घाईघाईनं घोंगडी अंथरली आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "सायकल चांगली चालायलीय ना, जावईबापू?"

"मालूम न्हाई," तो म्हणाला. "मी हिला न्यायला आलो."

आईनं माझ्याकडं पाहिलं, वडिलांनीही पाहिलं. मी लगेच उठले नाही. चुलीवर चहाचं आधण ठेवलं होतं, ते उकळेपर्यंत बसून राहिले.