खरं सांगायचं तर

विनी ऑकरॉइड तोंडाची फटकळ. यॉर्कशरमधल्या आमच्या गावात, तळलेल्या माशांच्या दुकानात ती कामाला होती. "आजचा मासा कालचा आहे, घेऊ नकोस बाई," असं ती मालकादेखत गिऱ्हाइकाला सांगायची. कुणी 'खरं सांगायचं तर' असं म्हणून बोलायला लागला, की तिचं डोकं फिरायचं. "म्हणजे इतका वेळ थापा मारत होतास?"

तिचा नवरा क्लेम आजारी पडला. इस्पितळातला डॉक्टर रोज म्हणायचा, "सुधारणा आहे, काळजी नको." एका पहाटे क्लेम गेला. डॉक्टरने विनीच्या हातात चहाचा कप दिला, पलीकडे बघत म्हणाला, "खरं सांगायचं तर बाई, आशा पहिल्यापासूनच नव्हती."

विनीने कप भिंतीवर भिरकावला.

"पहिल्यापासून? अरे मेल्या, तो मला रोज विचारायचा, 'विनी, मी बरा होईन ना गं?' आणि मी तुझ्या भरवशावर 'हो' म्हणायचे! आख्ख्या संसारात त्याच्याशी एकदाही खोटं बोलले नव्हते मी. तू बोलायला लावलंस!"

डॉक्टर माफी मागायला लागला.

विनीने क्लेमच्या तोंडावर ओढलेल्या चादरीकडे बोट केलं. "माझी कसली मागतोस? जा, त्याला सांग खरं."