वेगळा खोका

धाकट्या डहाणूतल्या आमच्या घरात गिनीपिग आले, तेव्हा सासूबाईंनी जाहीर केलं, "उंदीर ते उंदीर. माझ्या सुक्या बोंबलांजवळ आले तर बघ." ही दोन हजार सतरातली गोष्ट. दहा वर्षांच्या लेकीला तिच्या मामाने तीन आणून दिले होते, एक तपकिरी आणि दोन पांढरे.

दिवाळीनंतर तपकिरीच्या नाकाजवळचे केस गळाले आणि गोल चट्टा दिसायला लागला. त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. बैल-शेळ्या बघणाऱ्या डॉक्टरांनी आधी पोटभर हसून घेतलं, मग नीट तपासलं. "नायटा आहे. बाकीच्यांना लागेल, तुम्हालाही लागेल. बरा होईपर्यंत वेगळा ठेवा, मलम लावा, हात धुवा."

मी लगेच पडवीच्या टोकाला वेगळा खोका मांडला. लेकीला दम भरला. घरात मला पाठीमागे हवालदार म्हणतात, ते काही उगाच नाही.

तरी थोड्याच दिवसांत एका पांढऱ्याच्या कानामागे तसाच चट्टा उठला. मी लेकीवर भडकले. ती रडत शपथा घेत होती, मी एक ऐकलं नाही.

दोन दिवसांनी सासूबाई मासळी विकायला बाजाराला निघाल्या. टोपली डोक्यावर चढवायला मी हात दिला, तर त्यांच्या कोपराच्या आतल्या बाजूला लाल, गोल चट्टा!

"आई, हे काय?"

"डास चावला."

"डास एवढा गोल चावतो?"

टोपली खाली आली. मग हळूच म्हणाल्या, "दुपारी तू झोपलीस की घ्यायची त्याला, नि त्या दोघांत सोडायची. एकलाच ओरडत बसतो गं."

चोर घरातच होता, पण दहा वर्षांचा नव्हता. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याच पुढे बोलल्या. "तुझे सासरे खोकत होते, तवा डॉक्टर असाच बोलला. मागची खोली, वेगळं ताट. मी सगळं ऐकलं. ताट दारात ठेवायची नि मागे फिरायची. बरे झाले ते. पण मरेपर्यंत मी समोर बसल्याशिवाय घास घेतला नाय त्यांनी."

माझा राग कुठल्या कुठे गेला. आधी लेकीची माफी मागितली. तिने ती सहजी दिली नाही, दोन आइस्क्रीम वसूल केली.

नायट्याच्या हाताने मासळी कोण घेणार? म्हणून टोपली मी उचलली. दोन्ही आजारी गिनीपिग एका खोक्यात गेले. "आता तुम्हा तिघांचं दुखणं एकच," मी म्हटलं, "बसा त्यांच्याजवळ खुशाल." सासूबाई बसल्या. त्यांना कोथिंबीर भरवायच्या, मलम लावायच्या, मग आपल्या हाताला आपलं मलम. निरोगी पांढरा एकटा पडला, तर त्याच्याशी गप्पा मारायला लेक होतीच. महिन्याभरात तपकिरीच्या नाकावर नवी लव आली. मला उगाचच फार आनंद झाला.

पण लक्षात राहिली ती पहिलीच दुपार. बाजारातून आल्यावर मी भात-कालवण वाढलं. सासूबाईंचं ताट पडवीत खोक्याशेजारी ठेवलं आणि सवयीने स्वयंपाकघराकडे वळले. दारातच पाय थांबला. माझं ताट उचलून आणलं आणि त्यांच्यासमोर बसले.

तोवर त्यांनी घास घेतला नव्हता.