कुजबुजबाईचा दावा

आमच्या नाटक कंपनीत तिला सगळे कुजबुजबाई म्हणायचे. ती प्रॉम्प्टर. आयुष्यभर विंगेत स्टुलावर बसली आणि आमच्यासारख्या भल्याभल्यांची बोबडी वळली की पुढचं वाक्य हळूच ओंजळीत टाकत राहिली. टाळ्या आम्ही घेतल्या. कुणी अडलेलं तिला बघवायचंच नाही.

तिची थोरली बहीण वारली. शेवटचं लांबलेलं आजारपण हिनेच काढलं होतं, म्हणून ताईने आपलं दोन खोल्यांचं घर मृत्युपत्रात हिच्या नावे केलं होतं. भावाने काय करावं? अंत्यविधी उरकून ही परतते तर हिची ट्रंक बाहेर पायरीवर, तिच्यावर ताईची औषधाची वाटी उपडी घातलेली, आणि दाराला आतून कडी. ताई भ्रमिष्ट होती, कागद खोटा आहे, असं त्याने खिडकीतून सांगितलं.

ती माझ्याकडे आली. रडली नाही. म्हणाली, "मला त्याला त्याच पायरीवर बघायचंय."

मग आम्ही दोघी वकील शोधत हिंडलो. पहिल्याने मृत्युपत्र म्हणताच जांभई दिली. दुसऱ्याने घरातल्या घरात मिटवा म्हटलं, तशी ही चहा अर्धा टाकून उठली. तिसरी वकीलबाई चपलांच्या दुकानावरच्या खोलीत बसायची. केस पिकलेले, कामं फक्त मृत्युपत्रांची. बसायला खुर्ची म्हणून नाही, सगळ्यांवर फायली. तिने कागद सावकाश वाचला, सह्या करणारे साक्षीदार हयात आहेत ना ते विचारलं आणि चष्मा काढला.

"तुम्हाला घर हवंय की भाऊ?"

"दोन्ही."

"घराचं मी बघते. भावाचं तुमचं तुम्ही. फक्त कोर्टात विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही."

जिना उतरताना कुजबुजबाई म्हणाली, हीच. कशावरून, तर मिटवा म्हणाली नाही.

तारखेच्या सकाळी कोर्टाच्या व्हरांड्यात, खांबाआड, भाऊ एका शेजाऱ्याची तालीम घेत होता. आम्ही अलीकडच्या बाकावर. ऐकून ही मला म्हणाली, "फार लांब वाक्यं दिलीयत त्याला. अडकणार."

अडकलाच. ताई माणसं ओळखत नव्हत्या, जेवल्याचं विसरायच्या, इथवर आला आणि त्याचा जबडा उघडाच राहिला. भाऊ कपाळ पुसू लागला. तेवढ्यात मागच्या बाकावरून, विंगेतून यावा तसा, नितळ आवाज आला, "आणि सही करताना मलाच विचारलं, मी कोण."

शेजाऱ्याने सुटल्यासारखं ते तसंच्या तसं म्हटलं.

वकीलबाईने कपाळाला हात लावला. हा काय बोलणार ते तुम्हाला कसं माहीत, असं न्यायाधीशांनी विचारलं. कुजबुजबाई शरमून उभी राहिली. सवय जात नाही, म्हणाली, सकाळी बाहेर तालीम ऐकली होती. मग मात्र वकीलबाईने त्या शेजाऱ्याला असं काही सोललं की त्याने भावाकडे बोट दाखवलं.

निकाल हिच्या बाजूने लागला, पुढे यथावकाश घराचा ताबाही मिळाला. त्या दिवशी मी सोबत होते. तिने भावाची ट्रंक स्वतः ओढत पायरीवर आणली. ती औषधाची वाटी तिने इतके दिवस जपून ठेवली होती. ती ट्रंकेवर उपडी घातली. मी म्हटलं, पुरे गं आता. तिने ऐकलं नाही.

भाऊ खाली उभा होता. वर बघून म्हणाला, "अगं, त्या दिवशी माझं... माझं जरा..."

आणि अडकला. ओठ नुसते हलत होते. पुढचा शब्द कुठला, ते मलासुद्धा कळत होतं. मी तिच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत तिने कुणाला असं उघड्यावर सोडलेलं मी पाहिलं नव्हतं.

कुजबुजबाई उंबऱ्यावर बसली, विंगेत बसायची तशीच, पुढे वाकून, त्याच्या ओठांवर नजर ठेवून. आणि गप्प राहिली.