आत्याच्या डोळ्यातलं भिंग

कोयनानगरहून एसटी निघाली तेव्हा घाट धुक्यात होता. शेजारी बसलेल्या आत्याला मात्र धुकं आणि ऊन सारखंच. तिचा उजवा डोळा लहानपणीच गेलेला. डाव्या डोळ्यात मोतीबिंदूनंतर बसवलेलं भिंग गाईचं शिंग लागून निसटलं होतं. सांगलीत नवं बसलं नाही, तर पुढे अंधारच. घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, म्हणून सोबत मला पाठवलं. डॉक्टरांचं सगळं हिला कळेल, असं घरच्यांना वाटलं. मला तेवढी खात्री नव्हती.

कराडनंतर ऊस लागला.

"तुरं आलं का गं?" आत्यानं विचारलं.

"आलेत."

"मी परत येस्तवर तोडू नका म्हनावं."

मागचे फेटेवाले आजोबा हसले. "आवं, कारखाना थांबतोय व्हय तुमच्यासाठी?"

सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. भिंगाला दोन बारीक पाय असतात. ते ज्या पडद्याच्या पिशवीत टेकतात, ती फाटली होती. म्हणून डोळ्याच्या पांढऱ्या भागातून सुईनं वाट करून नव्या भिंगाचे पाय बाहेर काढायचे, टोकांना चटका देऊन बोंडासारखी फुगवायची आणि आत दडवायची. टाका नाही. मी घाबरतच दोनदा विचारलं; त्यांनी दोन्हीदा न कंटाळता सांगितलं.

"गोधडीच्या दोऱ्याला गाठ मारत्यात तसं," आत्या म्हणाली.

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या.

शस्त्रक्रिया चालू असताना मी बाहेर भडंगाचा (तिखट चुरमुऱ्यांचा) पुडा न फोडता धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. आत्या डोळा किलकिला करून बघत राहिली. "अगं बया! ह्या तर पोरगीच हाईत!" म्हणत ती पाया पडायला वाकली.

"वाकू नका!" डॉक्टरीणबाईंनी तिचे खांदे धरले. "मी सांगेपर्यंत कुणाच्या पाया पडायचं नाही. देवाच्यासुद्धा."

"मग देवीला काय सांगू?"

"माझं नाव सांगा."

तपासणी होईपर्यंत आम्ही हळदपेठेजवळ ओळखीच्यांकडे राहिलो. कपड्यांत हळदीचा वास घेऊनच परतलो. वाटेत निम्मा ऊस तुटलेला होता. आत्यानंच ते मला दाखवलं.

गावी उतरल्यावर ती आधी देवळात गेली. सवयीनं वाकणार, तोच मी तिचा हात धरला.

"माझ्या वाटणीचं तू वाक," ती म्हणाली.

मी डोकं टेकवलं. एवढी नाजूक विद्या कुणीतरी शिकतं, याचाच विचार मनात होता. उठून पाहिलं तर आत्या ताठ उभी, देवीकडे एकटक बघत.

"आजवर आल्या आल्या पायावरच डोकं ठेवलं," ती हळूच म्हणाली. "तोंड आज बघितलं गं. लय हसरी हाय."