खुनी सांगणारे इवाई

आमच्या इवायांसारखा कादंबऱ्या वाचणारा माणूस साऱ्या मध्यप्रांतात झाला नाही, आणि होऊही नये. इवाई म्हणजे व्याही, माझ्या सगुणेचे सासरे. उमरेडला त्यांचा रेशीमकाठी लुगड्यांचा धंदा. पण गिऱ्हाईक काठाचा भाव विचारी तेव्हा हे गल्ल्यावर बसून कोण्या सरदाराच्या पोटात सुरा कसा खुपसला ते वाचत असत. डिटेक्टिव्ह कादंबरीबद्दल त्यांची मतं ठाम. खून पहिल्या पाच पानांत पडला नाही, तर पुस्तक रद्दीत. नायिका बेशुद्ध पडली की, "हिले कांदा हुंगवा अन् पुढं चाला," म्हणून पानं उलटत. गुप्तहेराचा तर त्यांना भारी राग. "अर्धं पुस्तक सरलं जी, या माणसानं अजून भाकर नाही खाल्ली. उपाशी डोकं चालते काय?"

पण सगळ्यांत मोठी खोड म्हणजे ते शेवटचं पान आधी वाचत. मी एकदा विचारलं, "काहून जी?" तर म्हणाले, "घरात चोर घुसला, तर नजर चोरावर ठेवाची का पाहुण्यावर? खुनी माहीत असला म्हणजे बरं. मंग तो कसा सभ्य होऊन फिरते, ते पाह्यत बसाचं."

त्यांनी खुशाल पाहावं. माझं म्हणणं एवढंच, की मला सांगू नये. मी शाळा दुसरीपर्यंत केली, पण जे वाचतो ते बोट ठेवून, एक अक्षर न गाळता. इवाई वाचलेलं पुस्तक माझ्याकडे सक्करदऱ्याला पाठवत, आणि माझं निम्मं होते न होते तोच उमरेडच्या छोट्या रेल्वेगाडीनं स्वतः हजर. दारात पायांवर पाणी घेता घेताच, "वकील निघाला ना जी?" मी पुस्तक मिटून पंचा पुढं करी. लेक त्यांच्या घरी दिलेली. मुलीच्या बापानं इवायाला उलट बोलायचं नसते, बोललं की लेकीला ऐकावं लागते.

मग एका कादंबरीनं मला असं धरलं की जेवतानाही मी ती तांब्याला टेकवून ठेवी. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. इवाई आले, एक पाय धुतला आणि म्हणाले, "डॉक्टर."

"तुमच्या तोंडाले दार आहे का नाही?" मी ओरडलो.

दुसरा पाय न धुताच ते परत फिरले. बायकोनं कपाळाला हात लावला. "आता आणा लेकीले दिवाळीले!"

"नाही आली तर नाही आली. मी काही माफी मागत नाही." असं म्हणालो खरा, पण गल्लीत टांगा वाजला की मीच आधी दारात.

धनतेरशीला टांगा थांबला. आधी सगुणा उतरली, मागून इवाई. दोन्ही पाय धुतले, चकार शब्द नाही. मग पिशवीतून कोरी कादंबरी काढली. तिची शेवटची पानं लुगड्याच्या लाल रेशमानं घट्ट शिवलेली!

सगुणा सासऱ्यांकडे पाहत, हसू दाबत म्हणाली, "बाबा, मामाजीनं डोळे मिटून घेतले अन् मले शिवायले लावलं."

"मलेही माहीत नाही," इवाई म्हणाले. "तुम्ही वाचा, मी आयकतो. जीव घाबरून राहिला जी माहा, पण वाचा."

मी बोट ठेवून वाचू लागलो. दर फेरीला एखादं प्रकरण. इवायांचे हाल पाहवत नसत. आधी माळ्यावर संशय, मग विधवा मावशीवर, शेवटी गुप्तहेरावरच. "हा जेवत नाही न जी, यानंच मारलं!" मधेच हात हळूच शिवणीवर जाई. "एकच टाका उसवू का?"

"हात काढा," मी म्हणे. इवायाला!

त्या थंडीत त्यांना छातीचं दुखणं लागलं आणि त्यातच ते गेले. आम्ही शिवणीपर्यंत पोचलो होतो. सगुणा माहेरी आली की कैची पुढं करते. "उसवा न बाबा आता. कोण निघालं ते तरी पाहा."

"राहू दे वं," मी म्हणतो. "दारातून कोणी सांगून नाही राहिलं, तर मले कायची घाई?"